वायसर बदलला

४ फेब्रुवारी

मावशी,

फोनवर बोलताना मी टाइप करत असते आणि ते तुला ऐकू येतं, अशी तुझी तक्रार होती. म्हणून हे पत्र, हाताने लिहिलेलं. अक्षर लागलं नाही तर फोन कर, मी टायपिंग थांबवून वाचून दाखवीन.

बातमी अशी, की एकोणतीस वर्षं ज्या खुर्चीत बसून तू पाणीपुरवठ्याच्या तक्रारी लिहून घेतल्यास, त्या खुर्चीत आता मी बसते. खुर्ची तीच, डावा हात अजून डुगडुगतो. रजिस्टर मात्र जाणार. साहेबांनी नवी माहिती यंत्रणा आणलीय आणि ती बसवायचं काम माझ्या गळ्यात आलंय. आता लोकांनी फोन केला की तक्रार थेट पडद्यावर, पडद्यावरून फिटरच्या हातातल्या यंत्रावर, काम झालं की त्याने बटण दाबायचं आणि तक्रार बंद. सप्टेंबरअखेर तक्रारी निम्म्यावर आल्या तर मी या जागेवर कायम. नाही आल्या तर परत मीटर विभागात. चार वर्षं मी लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचलेत, मावशी. मला परत जिन्याखाली जायचं नाही.

तुझी एकतीस रजिस्टरं यंत्रणेत चढवणं चालू आहे. अक्षर इतकं स्वच्छ, की टाइप करणाऱ्या मुली तुला दुवा देतात. एकच अडलंय. काही तक्रारींच्या आकड्याशेजारी पेन्सिलीचा बारीक ठिपका आहे. तो कशाचा? यंत्रणेत ठिपक्याला रकाना नाही. चढवून झालं की रजिस्टरं लगद्याला जाणार, त्याआधी सांग.

तुझं बाकी छान चाललं असणार. लेकाच्या भरल्या घरात आहेस, कोणी ना कोणी हाताशी. दादा-वहिनीला नमस्कार.

तुझी भिंगरी


१३ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र पोचलं. अक्षर लागलं, पण तू 'कायम' असं लिहिताना पेन इतकं दाबलंस की मागच्या पानावर उमटलंय.

खुर्चीचा डावा हात डुगडुगतो म्हणून दुरुस्त करायला जाऊ नकोस. त्यावर भार टाकायचा नाही, एवढंच. माझ्या आधीच्या बाईंनी मला हेच सांगितलं होतं.

ठिपक्यांचं काही नाही गं. पेन्सिल टेकवून विचार करायची खोड होती मला, तेव्हा उमटले असतील. सोडून दे. फिटरमामा आहेत ना अजून? गुडघा कसा आहे त्यांचा? त्यांना यंत्र दिलंत म्हणतेस, पण त्यांचा चष्मा जवळचा आहे की लांबचा, हे कोणी विचारलं का?

इथे मला श्वास घ्यायला फुरसत नाही. दादा, वहिनी, त्यांचे मित्र, येणंजाणं. घर कसं नुसतं भरलेलं. सातव्या मजल्यावर असूनही पाणी चोवीस तास आणि दाब उत्तम. एकही नळ गळत नाही. तक्रारीला म्हणून जागा नाही.

मावशी


२ मार्च

मावशी,

आता थट्टा बाजूला ठेवून लिहिते. तूही तशीच वाच.

यंत्रणेचा एक गुण असा, की ती एका खोलीतला कागद दुसऱ्या खोलीतल्या कागदाशी ताडून बघते. आजवर आपल्याकडे हे कोणी केलं नव्हतं, कारण मध्ये जिना आहे. तर तिने तुझी रजिस्टरं स्टोअरच्या नोंदींशी ताडली. तुझ्या शेवटच्या दहा वर्षांत 'वायसर बदलला' असा शेरा सहा हजार चारशे ऐंशी वेळा आहे. त्याच दहा वर्षांत स्टोअरमधून गेलेले वायसर एक हजार नऊशे. म्हणजे साडेचार हजार वायसर असे बदलले गेले, जे आपल्याकडे कधी नव्हतेच.

तपासनीस गोंधळलेत. माल कमी भरला की काय करायचं ते त्यांना ठाऊक आहे. जास्त कसा भरला, याला त्यांच्याकडे कलम नाही. स्टोअरकीपर छातीवर हात ठेवून म्हणतो, "बाई, चोरी झाली म्हणा, मी ऐकून घेईन. पण माल आकाशातून पडला म्हणता, हे मी कसं ऐकू?"

मी ठिपके मोजले. ठिपका असलेल्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीपुढे 'वायसर बदलला' असंच आहे. आणि प्रत्येक ठिकाणी गेलेला फिटर एकच: फिटरमामा. मी त्यांना बोलावून विचारलं तर म्हणाले, "तुमच्या मावशीला विचारा. त्या लिहायच्या, मी अंगठा मारायचो." त्यांना उत्तम सही येते, मावशी.

चौकशी लागली तर तुझं नाव येईल. मला खरं काय ते सांग. तुमच्या दोघांचं काय चाललं होतं?

भिंगरी


१० मार्च

भिंगरे,

'तुमच्या दोघांचं काय चाललं होतं' हे वाक्य माझ्या वयाच्या बाईला भाचीने लिहावं, हे मला फार आवडलं. दोनदा वाचलं.

आज घरात शांतता आहे, तेव्हा सविस्तर लिहिते.

तक्रार घ्यायला बसलं की महिनाभरात कान तयार होतो. नळ खरंच गळत असेल तर माणूस चिडलेला असतो, घाईत असतो, पत्ता अर्धाच सांगतो. काहीजण मात्र नीट बोलतात. आधी आपली तब्येत विचारतात. कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत एक शिंपीकाका आहेत. बायको गेल्यावर दर सोमवारी त्यांचा फोन यायचा. "बाई, नळ आधी खोकतो, मग पाणी देतो." पहिल्या वेळी फिटरमामांनी अख्खा नळ खोलून पाहिला. काही नव्हतं. दुसऱ्या वेळी काही नव्हतं. तिसऱ्या वेळी मामा परत येऊन म्हणाले, "नळाला काही नाही. काकांनी चहा ठेवला होता, दोन कप." मग मी ठिपका दिला.

ठिपका म्हणजे: जा, पान्हा काढ, नळ खोलून पुन्हा बसव, दहा मिनिटं बोल, ये. मंगळवारी मामांची त्या बाजूला फेरी असायचीच. रजिस्टरमध्ये काय लिहायचं हा प्रश्न होता. 'दोष नाही' लिहिलं तर पुढच्या वेळी त्या माणसाला फोन करायची लाज वाटली असती. म्हणून 'वायसर बदलला'. वायसर ही अशी वस्तू आहे की बदलला की नाही, कोणी नळ खोलून बघायला जात नाही. तुमची यंत्रणा जाईल, हे मला काय माहीत.

मी निघाले तेव्हा एकतीस ठिपके चालू होते. त्यांची यादी मामांना पाठ आहे. चौकशीत माझं नाव आलं तर येऊ दे, मला बोलावतील तर उलट चार दिवस तिकडे येणं होईल. तू फक्त एवढं कर, ठिपक्याला एक रकाना दे.

मावशी


२९ मार्च

मावशी,

पत्र वाचलं. मग कामाला लागले, कारण बसून चालत नाही.

रकाना देता येत नाही. मी खरंच प्रयत्न केला. यंत्रणेत दोषाचे पाच प्रकार आहेत: गळती, दाब कमी, गढूळ पाणी, पाणी नाही, मीटर. सहावा 'इतर' होता, तो मी स्वतःच काढायला लावला, कारण पहिल्या आठवड्यात सगळ्या फिटरांनी सगळी कामं 'इतर'मध्येच टाकली. तुझे मामा तर माझ्यासमोर उभे राहून विचारत होते, "ताई, 'बाई एकट्याच होत्या' हे कुठं टाकू?"

मी म्हटलं, "मामा, तो दोष नाही."

"मग गळतीत टाकतो. डोळे गळतच होते."

असं करून कसं चालेल, सांग. शिवाय ज्यांच्याकडे खरोखर पाणी नाही, ते ताटकळतात आणि फिटर चहा पीत बसतो, हेही बरोबर नाही ना? म्हणून मी एक नियम घातलाय. एकाच पत्त्यावर तीन वेळा 'दोष आढळला नाही' आलं, की तो फोन नंबर सहा महिने स्थगित. यंत्रणाच त्यांना नम्रपणे तसं सांगते. माणसाला सांगावं लागत नाही, हे त्यातलं सगळ्यात चांगलं.

मामा अजून मंगळवारी कापडबाजारात वळतात, ते त्यांच्या यंत्रावरून आम्हाला नकाशात दिसतं. मी त्यांना लेखी विचारलंय, मार्गाबाहेर का गेलात म्हणून. रागावू नकोस. तपासनिसांपुढे मी तुझं नाव झाकून ठेवलंय, त्यासाठी बाकी सगळं चोख दिसायला हवं.

भिंगरी


११ एप्रिल

भिंगरे,

रागावले नाही. चोख असावं माणसाने.

समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरची बाई सकाळी नऊला पडदा सरकवते आणि साडेबाराला परत लावते. मधल्या वेळात ती काय करते, मला दिसत नाही. असंच मनात आलं ते लिहिलं.

मावशी


६ जून

मावशी,

दोन महिने पत्र नाही, माफ कर. तुझं तेवढंसं पत्र आलं तेव्हा वाटलं, तू घाईत असशील, पाहुणे असतील. पडद्याचं काही कळलं नाही मला.

इकडे बातमी गोड आहे. तक्रारी सदतीस टक्क्यांनी उतरल्या. सप्टेंबरपर्यंत निम्म्या होतील, अशी लक्षणं आहेत. तुझ्या एकतीस ठिपक्यांपैकी सत्तावीस स्थगित झाले. उरलेल्या चौघांतल्या दोघांच्या नळाला खरोखर दोष निघाला, दोघांनी फोनच केला नाही. मामाही आता मार्ग सोडत नाहीत. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. म्हणाले, "लांडगा आला लांडगा आला करणारे गेले. आता जो ओरडेल त्याच्याकडे लांडगाच असेल." लोक हसले. मीही हसले.

आता खुर्ची नवीन मिळणार आहे.

भिंगरी


१५ जून

भिंगरे,

अभिनंदन. तुला जिन्याखाली वाकायला नको, हे मला मनापासून हवं होतं.

साहेबांची गोष्ट मलाही लहानपणी सांगितली होती. त्यात पोरगं खोटं बोलतं म्हणून त्याची मेंढरं जातात. पण ते दिवसभर डोंगरावर एकटं मेंढरांशी बोलत बसायचं, आणि त्याने हाक मारली की अख्खा गाव धावत वर यायचा, हे गोष्ट सांगणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. दोनदा तरी आला गाव. त्याचे ते दोन दिवस बरे गेले असतील.

दादा-वहिनी कामाच्या निमित्ताने बाहेर असतात, त्यामुळे घराची सगळी व्यवस्था माझ्याकडे आहे. मोठीच जबाबदारी. परवा आमच्याकडे फिटर आला होता, म्हणजे शेजारी आला होता. चांगला चाळिशीचा माणूस, पण पान्हा चमच्यासारखा धरत होता. आजकाल शिकवत नाहीत वाटतं.

जुनी खुर्ची टाकू नका. मामांना द्या, त्यांना बसायला जागा नाही.

मावशी


२४ जुलै

मावशी,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

शिंपीकाकांच्या घराखालची वाहिनी फुटली. नळ नाही, जमिनीखालची वाहिनी. आधी फरशीच्या सांध्यातून ओल आली, मग पाणी. त्यांनी फोन केला. नंबर स्थगित. पाच दिवस ते रोज फोन करत होते. यंत्रणेत प्रत्येक फोनची वेळ आहे, अकरा फोन आहेत. अकरा वेळा तिने त्यांना सांगितलं, की आपली सेवा तात्पुरती स्थगित आहे, आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद. सहाव्या दिवशी ते ओल्या फरशीवर घसरले. उजवं मनगट मोडलं. कात्रीचा हात, मावशी. शेजारणीने स्वतःच्या फोनवरून तक्रार केली, तेव्हा चाळीस मिनिटांत फिटर पोचला. अहवालात आपला प्रतिसाद 'उत्कृष्ट' दाखवतोय.

मी घरी गेले. शिवणयंत्र पलंगावर ठेवलं होतं आणि ते खुर्चीत, पाय विटांवर. मी कोण ते सांगितलं. मला वाटलं, बोलतील मला. तर म्हणाले, "तुम्ही त्या बाईंची भाची होय? आवाज नाही जुळत." मग म्हणाले, "या वेळी खरंच गळत होतं हो. मला तर बरं वाटलं. म्हटलं, आता खरी तक्रार आहे, आता लाजायचं कारण नाही."

"तुम्ही अकरा वेळा फोन केलात," मी म्हटलं.

"ती धन्यवाद म्हणायची. मग मीही धन्यवाद म्हणायचो आणि ठेवायचो. एवढं नम्र बोलणाऱ्यावर कसं ओरडणार?"

ती नम्र वाक्यं मी लिहिली होती, मावशी. एक दुपार घालवली होती त्यांच्यावर.

बाहेर आले तर फिटरमामा दारात पान्हा घेऊन उभे. म्हणाले, "ताई, मार्गाबाहेर आलोय. लिहून घ्या."

तूच सांग आता काय करू.

भिंगरी


३१ जुलै

भिंगरे,

आधी जेव. तू नीट जेवत नसशील.

माझ्या हातूनही झालंय. सातव्या वर्षी मी एका बाईच्या तक्रारीवर ठिपका दिला, आणि तिचा नळ महिनाभर खरंच गळत होता. मामा नुसते बोलून परत यायचे, तीही बिचारी सांगायची नाही, तिला वाटायचं हीच दुरुस्ती. तेव्हापासून नियम केला: आधी नळ, मग चहा. रजिस्टर असो की यंत्रणा, चुकायचं ते माणूसच चुकतं. रजिस्टर फक्त धन्यवाद म्हणत नाही, एवढाच फरक.

तू काय करावंस ते मी कशाला सांगू? नियम तू घातलास, तुला ठाऊक आहे तो कुठे खोलतात. फक्त सरकारी भाषेत लिही. साध्या भाषेत लिहिलंस तर कोणी मंजूर करणार नाही.

काकांना कोणी डबा देतं का, ते बघ. आणि त्यांना सांग, माझा आवाजही आता तसा राहिला नाही. वापर कमी झालाय.

मावशी


५ ऑक्टोबर

मावशी,

सरकारी भाषेत लिहिलं. मंजूर झालं. कसं, ते ऐक.

आता तीन वेळा 'दोष आढळला नाही' आलं, तर नंबर स्थगित होत नाही. यंत्रणा असं धरते की त्या पत्त्यावर 'वारंवार उद्भवणारा, कारण अज्ञात असलेला दोष' आहे, आणि दर मंगळवारी अनुभवी फिटरकडून 'प्रतिबंधक पाहणी' लावते. किमान वेळ वीस मिनिटं, त्याआधी बटण दाबलंच जात नाही. सुरुवातीला नळ तपासल्याचा फोटो सक्तीचा. आधी नळ, मग चहा. पाहणीत असलेलं घर तक्रारीत मोजलं जात नाही, त्यामुळे सप्टेंबरअखेर तक्रारी बरोबर एकावन्न टक्के उतरल्या. मी कायम झाले. या पाहणीसाठी साहेब आता परिषदेत भाषण करणार आहेत. ती कल्पना त्यांना आंघोळ करताना सुचली, असं ते सांगतात.

वायसरचंही मिटलं. तपासनिसांनी सुचवलं की नोंद खोडता येत नाही, तेव्हा वस्तुस्थितीच नोंदीशी जुळवून घ्यावी. म्हणून विभागाने साडेचार हजार वायसर मागवून स्टोअरमध्ये जमा केले आणि त्याच दिवशी वापरले असं दाखवलं. चार पोती आहेत. स्टोअरकीपर त्यांच्यावर बसून जेवतो. म्हणतो, "आकाशातून पडलेत, पण आता पावती आहे."

काकांचं मनगट जुळलं, कात्री अजून नीट चालत नाही. मामा त्यांच्याकडे मंगळवारी नियमाने मार्गाबाहेर जातात, कारण आता तोच मार्ग आहे.

आणि सगळ्यात मोठी बातमी. आपली यंत्रणा आणखी पाच शहरं घेतायत. तुमचं शहर त्यात आहे! तिथे जूनपासून चाचणी चालूच होती म्हणे, मलाच आता कळलं. चाचणीत नंबर स्थगित करत नव्हते, आता करतील; नवा नियम तिथे अजून लागू नाही, जुनाच आहे. स्थगित करायच्या नंबरांची यादी पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे सहीला येईल. तुझं भरलं घर आता माझ्या अखत्यारीत.

भिंगरी


१४ ऑक्टोबर

भिंगरे,

कायम झालीस, फार आनंद झाला. आजूबाजूला सांगितलं सगळ्यांना. लिफ्टमध्ये जे भेटले त्यांना सांगितलं.

एक विचारायचं होतं. या यादीत नुसते आकडे येतात की पत्तेही येतात? आणि तक्रार कोणत्या शब्दांत केली, तेही येतं का? मला काय करायचंय म्हणा. सहज आपलं, जुनं खातं म्हणून उत्सुकता. तू एवढ्या वरच्या जागेवर गेलीस, तर यादी स्वतः वाचत बसू नकोस. कोणाला तरी वाचायला दे आणि सही कर. डोळे जपावेत.

इथे सगळं मजेत. पाणी उत्तम.

मावशी


९ नोव्हेंबर

(पाणीपुरवठा तक्रार केंद्र. हाताने लिहिलेले.)

प्रति,
तक्रारदार, सातवा मजला

महोदया,

आपल्या पत्त्यावरून जून ते ऑक्टोबर या काळात नऊ तक्रारी आल्या असून सर्व सोमवारी नोंदवलेल्या आहेत. तक्रारीचा मजकूर नऊही वेळा एकच आहे: 'नळ आधी खोकतो, मग पाणी देतो.' स्थानिक फिटरचा अहवाल पुढीलप्रमाणे: 'दोष नाही. बाईंनी चहा दिला. पान्हा कसा धरायचा ते दाखवलं. पुढच्या आठवड्यात परत ये म्हणाल्या.'

नियमानुसार आपला नंबर स्थगित करण्यासाठी यादी सहीला आली होती. सदर दोष स्थानिक फिटरच्या आवाक्यातला नसल्याचे दिसून येते. तरी मंगळवार, दि. १७ रोजी सकाळी साडेदहा वाजता पाहणीसाठी मुख्य केंद्रातून माणूस पाठवण्यात येत आहे. कृपया घरी राहावे. पाहणीस किमान वीस मिनिटे लागतील. कमाल वेळ नियमात दिलेला नाही.

आपली सेविका

ता. क. मावशी, हा पत्ता मी या वर्षात सहा वेळा पाकिटावर लिहिला. आज सातव्यांदा लिहितेय. यादीत तो दिसला तेव्हा मला वाटलं, छापताना चूक झालीय. तीन मिनिटं मी यंत्रणेला दोष देत बसले होते.


२० नोव्हेंबर

भिंगरे,

साडेदहाला येणार म्हणालीस आणि दहालाच आलीस. सरकारी माणूस असा वेळेआधी येत नाही, मी केस विंचरत होते.

तू मला एका शब्दाने काही विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगते. दादा-वहिनी वाईट नाहीत. सातला जातात, आठला येतात, आल्यावर विचारतात, "काही हवं का?" त्याला 'हो' म्हणता येईल असं काही मला सुचत नाही. इथे सगळं आहे. मग एके सोमवारी फोन उचलला आणि काकांचं वाक्य तोंडातून गेलं. चोरीचं होतं, पण चाललं. एकोणतीस वर्षं दुसऱ्या बाजूला बसले म्हणून कळलं नव्हतं, की तक्रार लिहून घेणाऱ्याने 'बरं, पत्ता सांगा' असं म्हटलं, की किती बरं वाटतं.

तू पिशवीतून मामांचा पान्हा काढलास, चार पोत्यांतला तो एक वायसर काढलास, बाह्या सरसावल्यास. मी म्हटलं, "अगं, राहू दे, नळाला काही झालेलं नाही." तर म्हणालीस, "आधी नळ, मग चहा." एवढ्या वर्षांत ठिपक्याच्या घरी पहिल्यांदा कोणीतरी 'वायसर बदलला' लिहून खरंच वायसर बदलला. मग पाच वाजेपर्यंत बसलीस. टायपिंगचा आवाज एकदाही आला नाही.

आता कामाचं. तू मीटर विभागातली, नळ तुझा प्रांत नाही. तू तो फार आवळलास. परवा रात्रीपासून नळ गळतोय. खराच. दहा सेकंदांना एक थेंब, मी मोजले. दादा म्हणाला, "आई, तक्रार कर ना, तुझं खातं." मी म्हटलं, बघू.

तक्रार केलेली नाही. खाली पितळेचं भांडं ठेवलंय. चांगला आवाज येतो, घरात कोणीतरी आहे असा.

घाई नाही. पण मामांकडून नीट शिकून ये.

मावशी